कंबरदुखी आणि उलटे टांगणारे टेबल

"डॉक्टर, ते इन्व्हर्जन टेबल घ्यावे का?" हा प्रश्न गेल्या काही महिन्यांत माझ्या दवाखान्यात इतक्या वेळा आला, की आजचा लेख त्यासाठीच राखून ठेवला. ज्यांनी हे प्रकरण पाहिले नसेल त्यांना थोडक्यात सांगतो. लोखंडी चौकटीवर बसवलेली ही फिरती फळी असते. तिच्यावर उताणे पडायचे, घोटे पट्ट्यात अडकवायचे आणि हात डोक्यामागे नेले की फळी कलते. डोके खाली, पाय वर. सरकलेली गादी जागेवर बसते, दबलेली नस मोकळी होते, ऑपरेशन टळते, असे जाहिरातीत सांगतात. किंमत ऐकून मात्र सामान्य माणूस विचारात पडतो.

कल्पना नवी नाही. पाठ सरळ करण्यासाठी रुग्णाला शिडीला उलटे बांधण्याचे वर्णन प्राचीन ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या नावावरील ग्रंथात आहे. आपल्याकडे पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांच्या योगसंस्थेतही भिंतीला लावलेल्या दोरांच्या आधाराने उलटे लटकण्याचा सराव शिक्षकांच्या देखरेखीखाली होत आला आहे. तेव्हा या टेबलाला नुसते हसून चालणार नाही.

ताण किती पडतो?

दोन मणक्यांच्या मध्ये पाणी धरून ठेवणारी गादी असते. दिवसभराच्या वजनाने तिच्यातले थोडे पाणी बाहेर पडते आणि संध्याकाळी आपली उंची सकाळपेक्षा एखादा सेंटिमीटर कमी भरते. रात्री आडवे झालो की गादी पुन्हा फुगते. उलटे टांगून घेतल्यावर कंबरेच्या वरचे धड, डोके आणि हात कंबरेला खाली ओढतात. माणूस 80 किलोचा असेल तर हे वजन साधारण निम्मे, म्हणजे 40 किलो धरू. पण टेबल 30 अंशच कलवले तर त्याच्याही निम्मी ओढ लागते, आणि पाठ फळीला घासत असल्याने प्रत्यक्षात त्याहून कमी.

त्या पाच मिनिटांत बरे वाटते, हे खरे आहे. परंतु टेबलावरून उतरून उभे राहिलो की तेच वजन पुन्हा कंबरेवर येते. केवळ भार काढून घेण्याने पाठ बळकट होत नाही. अंतराळवीरांच्या कण्यावर महिनोन्महिने भार नसतो, त्यांची उंचीही वाढते. तरी अनेकांची कंबर दुखते आणि पाठीचे स्नायू रोडावतात.

अभ्यास काय सांगतात?

इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे गादी सरकल्यामुळे शस्त्रक्रियेच्या यादीत असलेल्या रुग्णांवर एक चाचणी झाली, ती 2012 साली प्रसिद्ध झाली. फिजिओथेरपीबरोबर उलटे टांगण्याचा उपचार घेतलेल्यांपैकी कमी जणांना ऑपरेशन लागले. ही बाब आशादायक खरी, पण चाचणीत रुग्ण होते अवघे 26. कंबरेला ताण देण्याच्या सर्व प्रकारांचा मोठा आढावा कॉक्रेन संस्थेने 2013 मध्ये घेतला. त्यात 32 चाचण्या आणि 2,762 रुग्ण होते. दुखणे कमी होणे किंवा कामावर लवकर परतणे, यात ताणामुळे फारसा फरक दिसला नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही डिसेंबर 2023 च्या मार्गदर्शक सूचनांत जुनाट कंबरदुखीसाठी ताण देण्याचा उपचार सुचवलेला नाही; व्यायाम आणि रुग्णाला नीट माहिती देणे यांवर भर दिला आहे.

मुख्य धोका डोक्याकडचा

माझ्याकडे एक एस.टी.चालक आले होते. वय बावन्न, कंबरेतून निघालेली कळ डाव्या पोटरीपर्यंत उतरणारी. पतपेढीचे कर्ज काढून टेबल घ्यायचे त्यांनी ठरवले होते. मी रक्तदाब पाहिला तो 164/102. गोळ्या तीन महिने बंद! "बरे वाटत होते म्हणून सोडल्या," म्हणाले. उलटे झाल्यावर रक्तदाब आणखी चढू शकतो. डोळ्यातला दाबही वाढतो; चेन्नईत योगसाधकांवर झालेल्या आणि 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शीर्षासनात तो जवळजवळ दुप्पट झालेला आढळला. टेबलाचा विचार तिथेच संपला.

त्यांना मी गोळ्या पुन्हा सुरू करून दिल्या, मागच्या खिशातले जाड पाकीट काढायला लावले, दर थांब्यावर खाली उतरून चार पावले चालायला सांगितले आणि फिजिओथेरपिस्टकडे पाठवले. दोन महिन्यांत पोटरीतली कळ गेली. याचे सगळे श्रेय मी घेणार नाही. बहुतेक सायटिका काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप उतरते. त्या काळात आपण जे करीत असतो त्याला यश मिळाल्यासारखे वाटते. त्यांनी टेबल घेतले असते तर यश टेबलाचे ठरले असते, हे शेजाऱ्याचा अनुभव ऐकताना लक्षात ठेवावे.

मग निर्णय कसा घ्यावा?

काचबिंदू, डोळ्याच्या पडद्याचा विकार, अनियंत्रित रक्तदाब, हृदयविकार, पूर्वी झालेला पक्षाघात, ठिसूळ हाडे, छातीकडे सरकलेले जठर, गर्भावस्था, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, यांपैकी काहीही असेल त्यांनी या टेबलाच्या वाटेस जाऊ नये. चाळिशी उलटलेल्यांनी आधी डोळ्यांचा दाब तपासून घ्यावा.

तब्येत ठणठणीत आहे आणि डॉक्टरांची हरकत नाही, अशांनी तरी लगेच पैसे मोजू नयेत. जिथे हे साधन आहे तिथे जाणकाराच्या देखरेखीखाली दोन-तीन आठवडे वापरून पाहावे. सुरुवात थोड्या कलाने आणि एक-दोन मिनिटांनी करावी, सोबत कोणी तरी असावे, उठताना सावकाश उठावे. आराम तासन्‌तास टिकून त्यामुळे चालणे आणि व्यायाम जमू लागला, तर जोडसाधन म्हणून विचार करावा. आराम उतरताच संपत असेल तर पैसे वाचले म्हणावे.

पैसे न लागणारा उपाय म्हणजे चालणे. ऑस्ट्रेलियात 701 जणांवर झालेली चाचणी 2024 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात हळूहळू वाढवत नेलेल्या चालण्याने कंबरदुखी परत उद्भवण्याआधीचा काळ मध्यमानाने 112 दिवसांवरून 208 दिवसांवर गेला. दिवसाला अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, हे तिथले उद्दिष्ट होते.

शेवटी एक सूचना. लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणे, बसण्याच्या जागी बधिरपणा येणे, पाऊल वर उचलता न येणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. कंबरदुखीसोबत ताप असेल किंवा कारण नसताना वजन उतरत असेल तरीही घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टरांना दाखवावे.