ठिपके आधी, रेषा मग

अमेरिकेतलं पहिलं वेबपान शोधायला गेलं, तर जेमतेम तीन ओळी सापडतात. १२ डिसेंबर १९९१ रोजी कॅलिफोर्नियातल्या ‘स्लॅक’ या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत पॉल कुन्झ यांनी युरोपबाहेरचा पहिला वेब सर्व्हर सुरू केला. त्याच्या पानावर एक दुवा संस्थेतल्या लोकांच्या ईमेल-पत्त्यांचा, दुसरा शोधनिबंधांच्या प्रचंड साठ्याचा. सजावटीचं नाव नाही. पण येणारा माणूस काय शोधत येईल, हे पान करणाऱ्याला नेमकं ठाऊक होतं.

मजकुरातच चित्रं दाखवण्याची चाल रुळली ती १९९३ साली, इलिनॉय विद्यापीठात तयार झालेल्या मोझॅक ब्राउझरमुळे. मग चित्र डावीकडे हवं, मजकूर उजवीकडे हवा, असे हट्ट सुरू झाले. एचटीएमएल मात्र हे शीर्षक, हा परिच्छेद, एवढंच सांगणारी भाषा. दोन रकाने शेजारी बसवायची सोय तिच्यात नव्हती. १९९५ मध्ये नेटस्केप हा ब्राउझर तक्ते दाखवू लागला आणि लोकांना वाट सापडली. तक्ता खरं तर आकडेवारीसाठी. त्याच्या रेघा लपवून त्यांनी अख्खं पान त्याच्या चौकटींत कोंबलं. वेब-डिझायनर डेव्हिड सीगल यांनी १९९६ च्या पुस्तकातून याच्याही पुढची युक्ती गाजवली: एका पिक्सेलचं पारदर्शक चित्र हवं तेवढं ताणायचं, की तेवढी जागा मोकळी राहते. डोळ्यांना न दिसणारं चित्र, नुसतं पाचर म्हणून! मला तरी ही वेबच्या इतिहासातली सगळ्यात गमतीशीर चीज वाटते.

गंमत म्हणजे मांडणीसाठीच घडवलेल्या सीएसएस या भाषेला मान्यताही त्याच वर्षी, डिसेंबरात मिळाली. पण तिच्यातली ‘ग्रिड’ ही खरी जाळी प्रमुख ब्राउझरांत येईपर्यंत मार्च २०१७ उजाडला.

जाळी म्हणजे काय, हे ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्याला सांगावं लागत नाही. आधी ठिपके, मग रेषा. वेबपानाचंही तसंच. २०११ साली ट्विटरमधून बाहेर आलेल्या बूटस्ट्रॅप या वेबपानांच्या तयार साच्याने पुढे पानाचे बारा रकाने पाडले, कारण बाराचे दोन, तीन, चार, सहा असे सारखे भाग सहज पडतात.

समजा, न्यू जर्सीतल्या एखाद्या मराठी मंडळाला गणेशोत्सवाचं पान करायचंय. संगणक बाजूला ठेवून कागद-पेन्सिल घ्यावी. लोक तारीख, वेळ, सभागृहाचा पत्ता आणि गाडी कुठे लावायची एवढं विचारणार. ते सगळ्यात वर. त्याखाली कार्यक्रम, मग जेवणाची नोंदणी. अध्यक्षांचं मनोगत शेवटी, अध्यक्ष रागावले तरी. या सगळ्यांचे चौकोन आधी फोनच्या अरुंद पडद्यासाठी एकाखाली एक काढावेत; रुंद पडद्यावर त्यांचेच दोन-तीन रकाने होतात. एकच पान पडद्याप्रमाणे आकार बदलेल, ही कल्पना वेब-डिझायनर ईथन मारकॉट यांनी मे २०१० मध्ये एका लेखात मांडली आणि ‘रिस्पॉन्सिव्ह’ हा शब्द रूढ केला.

तक्त्यांच्या त्या काळात वॉर्नर ब्रदर्सने ‘स्पेस जॅम’ चित्रपटासाठी १९९६ साली केलेली साइट कंपनीने पुढे पंचवीस वर्षांनंतरही जपून ठेवली. काळ्या आकाशात मधोमध चित्रपटाचं नाव, भोवती ग्रह. प्रत्येक ग्रह म्हणजे एक दुवा. विंडोज संगणकावर उघडून कंट्रोल आणि यू ही बटणं एकत्र दाबली, की पानामागचा कोड उघडतो आणि त्यात ग्रहांना जागच्या जागी धरून ठेवणारा तक्ता दिसतो.