पहिल्या आठवड्यातली रेकी

फौजेची तुकडी नव्या ठाण्यावर पोहोचली की सामान सोडायच्या आधी विचारते, पाणी कुठे, दारूगोळा कुठे, डॉक्टर कुठे? विद्यापीठात आलेला आपला मुलगा विचारतो, मेस कुठे आणि वायफायचा पासवर्ड काय! म्हणून आज बोलू या विद्यापीठात मिळणाऱ्या मदतीबद्दल. ती कागदोपत्री असते, तिच्यासाठी माणसंही नेमलेली असतात, पण ती आपण होऊन तुमच्या खोलीवर येत नाही.

मी लखनौत राहतो, त्यामुळे उदाहरणं इथली घेतो. रायबरेली रोडवर बाबासाहेब भीमराव आंबेडकर विद्यापीठ आहे. 1996 साली सुरू झालेलं हे केंद्रीय विद्यापीठ. निम्म्या जागा अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांसाठी राखीव. सीयूईटी परीक्षा देऊन लातूर-नांदेडचा मुलगाही इथे येऊ शकतो. आता असा विचार करा. ज्याच्या घरात कुणी प्राध्यापक आहे, त्याला जेवताजेवता कळलेलं असतं की शंका घेऊन सरांच्या केबिनमध्ये जायचं असतं. ज्याच्या घरातला तो पहिलाच कॉलेजात गेलेला आहे, त्याला ते दार ठोठावणं म्हणजे आगाऊपणा वाटतो. दोघांची बुद्धी सारखी, पण पहिल्या सत्राच्या निकालात फरक पडतो तो इथे.

पैशांचंही तसंच. परराज्यात शिकणाऱ्या मुलांचा सगळ्यात मोठा घोळ शिष्यवृत्तीत होतो. अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मुलगा जिथे शिकतो ते राज्य देत नाही, तो जिथला रहिवासी आहे ते राज्य देतं. म्हणजे शिकायचं लखनौत, पण अर्ज महाराष्ट्राकडे. इथल्या खिडकीवर ‘तुम्ही उत्तर प्रदेशचे नाही’ असं ऐकून मुलं गप्प परत जातात, आणि तेवढ्यात गावाकडची मुदत निघून जाते. प्रवेश झाला की लगेच विद्यापीठातून बोनाफाइड दाखला आणि फीची पावती घ्या आणि आपल्या जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात विचारा. घरच्यांनीही हे काम अंगावर घ्यावं, मुलाचे तास सुरू असतात.

लखनौ विद्यापीठात ‘कर्मयोगी’ नावाची योजना आहे. शिकता शिकता विद्यापीठातच काम करून मानधन मिळवायचं. आपल्याला यात नवल नाही, कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात ‘कमवा आणि शिका’ केव्हाच करून दाखवलं होतं.

दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी इथे डॉ. शकुंतला मिश्रा राष्ट्रीय पुनर्वास विद्यापीठ आहे, तिथल्या अर्ध्या जागा त्यांच्यासाठीच. पण बाकीच्या विद्यापीठांची जबाबदारी त्यामुळे संपत नाही. 2016 च्या कायद्याने सरकारी आणि अनुदानित उच्चशिक्षण संस्थांत किमान 5 टक्के जागा आणि वयात 5 वर्षांची सवलत दिली आहे. लेखनिक घेणाऱ्याला परीक्षेत तासामागे किमान 20 मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला पूर्ण एक तास. याचा अर्ज परीक्षेच्या दिवशी केंद्रावर करून चालत नाही, परीक्षेचा फॉर्म भरतानाच करायचा. दृष्टिबाधित मुलांनी सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयाची चौकशी जरूर करावी.

आता माझा आवडता भाग, ग्रंथालय. लखनौ विद्यापीठाच्या टागोर ग्रंथालयाच्या कामासाठी 1935 मध्ये वॉल्टर बर्ली ग्रिफिन इथे आले. ऑस्ट्रेलियाची राजधानी कॅनबेराचा आराखडा करणारे ते हेच. 1937 मध्ये ते लखनौतच वारले, इथेच त्यांचं दफन झालं. पण मुलं ग्रंथालयात जातात ती बहुधा पंख्याखाली स्वतःच्या नोट्स पाठ करायला! त्याच्या ग्रंथपालाशी बोलत नाहीत. जानेवारी 2025 पासून ‘एक राष्ट्र एक सदस्यत्व’ योजनेत सरकारी विद्यापीठांना सुमारे 13,000 नियतकालिकं खुली झाली आहेत. लॉगिन कसं मिळवायचं आणि विषय कसा शोधायचा, हे ग्रंथपाल दाखवू शकतो. ‘शोधगंगा’वर देशभरातले पीएचडीचे प्रबंध फुकट वाचता येतात, मराठीतलेही. प्रकल्पासाठी दुकानातून तयार मजकूर विकत आणण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

मन बसत नसेल, झोप लागत नसेल, तर समुपदेशकाकडे जा. तो नसेल किंवा तिथे जायला संकोच वाटत असेल तर 14416 हा टेली-मानसचा मोफत क्रमांक आहे, रात्रीही चालतो. सैनिकसुद्धा डॉक्टरकडे जातो, त्यात कमीपणा कसला?

शेवटची सूचना सरकारी माणसाची आहे, हसू नका. कुठलीही मदत तोंडी मागू नका. अर्ज दोन प्रतींत लिहा, एक प्रत कार्यालयात द्या आणि दुसरीवर आवक क्रमांक नि तारखेचा शिक्का मारून घ्या. ती प्रत फाइलमध्ये लावा आणि तिचा फोटो घरी पाठवून ठेवा.