सोनेरी कोंदणातील फुलदाणी

झाशी आणि ग्वाल्हेर या दोन शहरांचे भवितव्य १८८६ साली एका अदलाबदलीने ठरले. झाशी इंग्रजांकडे गेली आणि ग्वाल्हेरचा किल्ला शिंद्यांना परत मिळाला. त्याआधी बारा वर्षे, १८७४ साली, जयाजीराव शिंद्यांचा जयविलास राजवाडा उभा राहिला होता. झाशीच्या छावणीतून तो पाहावयास जाणारा पाहुणा दरबारातील प्रचंड झुंबरांकडेच पाहत राहतो. परंतु जुन्या संस्थानी वैभवाची ओळख करून घ्यावयाची असेल, तर झुंबरांखेरीज आणखी एका वस्तूकडे लक्ष द्यावे. ती म्हणजे सोनेरी ब्राँझच्या कोंदणात बसविलेली फ्रेंच चिनीमातीची फुलदाणी. या चिनीमातीची ओळख हिंदुस्थानास जुनीच आहे. १७८८ साली टिपू सुलतानाचे वकील व्हर्सायला गेले, तेव्हा सोळाव्या लुईने दिलेल्या भेटींत सेव्र येथील कारखान्याची भांडी होती. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयातही सेव्रचे काम पाहावयास मिळते.

हा कारखाना १७४० साली व्हँसेन येथे निघाला, १७५६ मध्ये सेव्रला हलला आणि १७५९ मध्ये राजाच्या मालकीचा झाला. प्रारंभी तेथील माती कृत्रिम मिश्रणाची होती. १७६८ साली लिमोजजवळ खरी पांढरी माती सापडली, आणि मग कठीण, टणटणीत चिनीमाती तेथेही होऊ लागली.

मग या नाजूक भांड्याला धातूची जोड कशासाठी? प्रथम ती चीनमधून आलेल्या भांड्यांना दिली जाई. काठ आणि बूड यांस टवका जाऊ नये, हा एक हेतू. साध्या बरणीला मुठी आणि पाय देऊन दिवाणखान्याच्या थाटाशी जुळविणे, हा दुसरा. पॅरिसचे व्यापारी मातीचे भांडे एकाकडून घेत, ब्राँझ दुसऱ्याकडून ओतवीत आणि मुलामा तिसऱ्याकडून चढवीत. कोंदण निराळे तयार होऊन शेवटी खिळ्यास्क्रूंनी भांड्याला बसे. त्यामुळे चिनीमातीला भट्टीची आच लागत नसे.

या कामातील मर्म मुलाम्यात आहे. सोने पाऱ्यात विरघळवून त्याचा लगदा ब्राँझवर लावीत आणि तो तापवीत. ३५७ अंशांना पारा उकळून उडून जाई, सोने मागे राही. मग काही भाग अकीकाने घोटून चकचकीत करीत, काही मंदच ठेवीत. आपल्याकडेही पाऱ्याचा मुलामा जुन्या काळापासून ठाऊक आहे.

परंतु उडणारा पारा कारागिराच्या श्वासात जाई. हात थरथरत, दात पडत, आयुष्य खुंटे. पॅरिसचे ब्राँझकार राव्रियो १८१४ मध्ये वारले, तेव्हा त्यांनी मुलामा देणाऱ्यांना या विषापासून वाचविणाऱ्या युक्तीसाठी तीन हजार फ्रँकचे पारितोषिक ठेविले. धूर ओढून नेणारी भट्टी रचून दार्से यांनी ते १८१८ साली मिळविले. या विद्येत नामांकित असलेला गुतिएर मात्र राजदरबारची कामे करूनही १८१३ मध्ये दारिद्र्यात मेला.

१८४० नंतर विजेच्या साहाय्याने मुलामा देणे सुरू झाले. खऱ्याखोट्याची पारख करावयाची, तर तळावरील परस्परांत गुंफलेल्या दोन 'एल' अक्षरांवर विसंबू नये. त्यांच्या मध्ये वर्षाचे अक्षर १७५३ पासून येते खरे, परंतु तेही सहज नकलता येते. ब्राँझची मागची बाजू पाहावी. पाऱ्याचे सोने बहुधा पुढेच असते, मागे थोडे शिंतोडे. विजेचा मुलामा सर्वत्र सारखा चढतो.

अशी फुलदाणी पाहताना राजेरजवाड्यांच्या शौकाइतकेच त्या भट्टीपाशी उभ्या असलेल्या माणसाचे स्मरण व्हावे. त्या सोन्याची किंमत त्याने आपल्या श्वासाने मोजली आहे.