पोलिसाचें निवृत्तिवेतन : दान नव्हे, देणें

सटाण्याचें नांव घेतलें कीं देवमामलेदारांची आठवण होते. इंग्रजी अमलांत येथें मामलेदार असलेल्या यशवंतराव भोसेकरांनीं १८७०-७१ च्या दुष्काळांत सरकारी खजिना उघडून भुकेल्यांस पैसा वांटला. पुढें तपासणींत रक्कम पुरी भरली, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका बाजूस ठेवली तरी तिच्यांतील बोध खरा आहे : खजिना ही लोकांच्या विश्वासाची ठेव होय. आजचा विषय याच ठेवीसंबंधीं आहे. आयुष्याचीं तीस-पस्तीस वर्षें ज्यानें चौकी-पहाऱ्यांत घालविलीं, त्या पोलिसाचें निवृत्तिवेतन, हा तो विषय.

पूर्वीं गांवची राखण जागल्या करी व त्याबद्दल त्यास वतनी जमीन असे. म्हातारपणाची तरतूद त्या जमिनींतच होती. अशीं कनिष्ठ गांवकी वतनें १९५८ च्या कायद्यानें रद्द झालीं. पगारी पोलिसास जमीन नाहीं. निवृत्तिवेतन हेंच त्याचें वतन. तें सरकारच्या मर्जीचें दान नसून हक्क आहे, असें सर्वोच्च न्यायालयानें १९७१ मध्यें देवकीनंदन प्रसाद यांच्या खटल्यांत ठरविलें. १७ डिसेंबर १९८२ रोजीं नाकरा यांच्या खटल्यांत तर तो मागील सेवेचाच मोबदला होय, असें स्पष्ट केलें.

आतां हिशेब पाहूं. महाराष्ट्रांत हा व्यवहार १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांनीं चालतो. समजा, सटाण्याच्या ठाण्यांतील एक हवालदार तेहतीस वर्षांच्या नोकरीनंतर ५८ व्या वर्षीं निवृत्त झाला आणि त्याचें शेवटचें मूळ वेतन ६०,००० रुपये होतें. त्याच्या निम्में, म्हणजे ३०,००० रुपये, हें त्याचें मासिक निवृत्तिवेतन, महागाईवाढ निराळी. यांतील चाळीस टक्क्यांपर्यंतचा भाग विकून त्यास एकरकमी पैसा घेतां येतो. तसें केल्यास हातीं १८,००० उरतात. मात्र विकलेला भाग पंधरा वर्षांनीं पुन्हा सुरू होतो. मुलीच्या लग्नासाठीं वा घरासाठीं ही रक्कम उचलणाऱ्यानें पंधरा वर्षांचा विचार आधीं करावा. शिवाय प्रत्येक पुऱ्या सहामाहीस पाव महिन्याच्या वेतनाप्रमाणें उपदान मिळतें. त्याच्या पश्चात् पत्नीस कुटुंब-निवृत्तिवेतन मिळतें. त्याचा सामान्य दर शेवटच्या वेतनाच्या तीस टक्के असून प्रारंभीचीं कांहीं वर्षें तो अधिक असतो.

परंतु हें सर्वांस लागू नाहीं. १ नोव्हेंबर २००५ रोजीं वा त्यानंतर जे नोकरींत आले, त्यांच्यासाठीं अंशदानाची योजना आली. वेतनांतून दहा टक्के कापले जातात, सरकारचा वाटा १ एप्रिल २०१९ पासून चौदा टक्के आहे, आणि शेवटीं हातीं काय पडेल तें बाजाराच्या चढउतारावर राहतें. एकाच ठाण्यांत, एकाच बंदोबस्तास उभे राहणारे दोन शिपाई. पण एकाचें म्हातारपण निश्चित, दुसऱ्याचें अनिश्चित. याच कारणास्तव मार्च २०२३ मध्यें राज्यांतील सरकारी कर्मचाऱ्यांनीं सात दिवस संप केला. २०२४ मध्यें मंत्रिमंडळानें हमीच्या निवृत्तिवेतनाच्या योजनेस मान्यता दिली, ती या असंतोषामुळेंच. पोलिसास मात्र संपाचा मार्ग मोकळा नाहीं. १९६६ च्या कायद्यानें त्याच्या संघटनेच्या हक्कावरही मर्यादा घातल्या आहेत. ज्यास स्वतःसाठीं मोठ्यानें बोलतां येत नाहीं, त्याच्यासाठीं समाजानें बोललें पाहिजे.

तोंवर घरच्यांनीं जपावयाची गोष्ट एकच : सेवापुस्तक. बदल्या पुष्कळ, ठाणीं अनेक. एखाद्या वर्षाची नोंद राहून गेली, बिनपगारी रजेचा वा निलंबनाचा निकाल लिहिला गेला नाहीं, कीं निवृत्तीच्या वेळीं कागद अडतो. नामनिर्देशन जुनें राहिलें तर त्याचा त्रास पतीनंतर पत्नीस सोसावा लागतो. म्हणून निवृत्तीची वाट न पाहतां दरवर्षीं तें पुस्तक पाहून घ्यावें. निवृत्तीनंतर नोव्हेंबरांत हयातीचा दाखला देण्यास विसरूं नये.

आपण निजलों असतां जो जागला, त्याच्या उतारवयांत शासनानें निजूं नये, एवढीच अपेक्षा. देवमामलेदारांच्या गांवीं तरी ती वेगळी सांगावी लागूं नये.