हजार पानांचा सिनेमा

आवडती कादंबरी पडद्यावर येणार म्हटले की वाचकांच्या पोटात गोळा येतो. आपल्या मनातली माणसे तिथे तशीच दिसतील ना? अमेरिकेत ‘गॉन विथ द विंड’बाबत असेच झाले. मार्गारेट मिचेल यांची ही कादंबरी १९३६ साली निघाली आणि त्याच वर्षी निर्माते सेल्झनिक यांनी ५० हजार डॉलर मोजून तिचे हक्क घेतले.

गोष्ट आहे १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धातली. स्कार्लेट ही कापूस पिकवणाऱ्या जमीनदाराची हट्टी लेक. हजारावर पाने जेमतेम चार तासांत बसवायची, तेव्हा कात्री लावणे भागच होते. पुस्तकात तिला तीन मुले आहेत, सिनेमात एकच.

जमिनीची ओढ मात्र कोणी कापली नाही. युद्धात सारे लुटले गेल्यावर स्कार्लेट स्वतः कापूस वेचते. शेताचा कर भरायला पैसा हवा म्हणून बहिणीशी ठरलेल्या माणसाशी लग्न लावते! शेतकऱ्याच्या घरात हे लगेच उमगेल.

पण त्या शेतात पिढ्यान्‌पिढ्या राबले ते काळे गुलाम. त्यांचे हाल कादंबरीने झाकले, सिनेमानेही झाकले. घरच्या दाईचे काम करणाऱ्या हॅटी मॅकडॅनियल यांना ऑस्कर मिळाले. तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय कलावंत. तरी डिसेंबर १९३९ मध्ये अटलांटा शहरातल्या पहिल्या खेळाला त्यांना जाता आले नाही. तिथे काळ्यागोऱ्यांनी एकत्र बसायचे नाही, असा कायदा होता.

मंडळी, हा सिनेमा जरूर पाहावा. मात्र शेत कोणाचे हे पाहताना त्यात घाम कोणाचा, हेही विचारावे.