मोबाइलचा बाजार आणि आपली पत

वाचकहो, नंदुरबारचा मिरचीचा बाजार तुम्हांला ठाऊक आहे. हंगामात ओल्या लाल मिरचीच्या गाड्यांवर गाड्या येतात. व्यापारी मिरची घेतात आणि पथारीवर वाळत घालतात. दुरून पाहावे तर जमिनीवर लाल लुगडे पसरल्यासारखे वाटते. तिथून ही मिरची दूरदूरच्या गावांना जाते. पण पिकवणाऱ्याचे नाव काही तिच्याबरोबर जात नाही. खाणाऱ्याला काय ठाऊक, ही मिरची कोरीटची की शहाद्याची!

आता एक दुसरा बाजार आला आहे. तो कोरीटलाही आहे आणि मुंबईलाही आहे. तो आपल्या हातातल्या मोबाइलवर भरतो. या बाजारात मालाबरोबर माणसाचे नावही जाते. म्हणून तो नीट समजून घेतला पाहिजे.

जुनी जाहिरात, नवी जाहिरात

पूर्वी जाहिरात कशी होई? दवंडी पिटत, भिंतीवर अक्षरे रंगवत. पुढे रेडिओ आला, टीव्ही आला. एकाने बोलायचे आणि सगळ्यांनी ऐकायचे. बोलणाऱ्याजवळ पैसा हवा. गरिबाला ते कुठून परवडणार?

मग फेसबुक निघाले २००४ साली. यूट्यूब २००५ साली, व्हॉट्सअ‍ॅप २००९ साली आणि इन्स्टाग्राम २०१० साली. यांच्यावर दिसणारी बहुतेक चित्रे, गाणी, गप्पा या कंपन्या स्वतः करीत नाहीत. त्या तुम्ही-आम्हीच करतो. कोणी स्वयंपाक दाखवतो, कोणी शेत दाखवतो, कोणी घेतलेल्या वस्तूबद्दल चार शब्द लिहितो.

यात कंपनीला काय मिळते? जत्रेचे मैदान डोळ्यांपुढे आणा. मैदानाचा मालक काही विकत नाही. लोक एकमेकांना पाहायला येतात. गर्दी झाली, की मालक जाहिरातीच्या पाट्या लावायला जागा देतो आणि भाडे घेतो. तसेच हे आहे. आपल्याला वाटते, सगळे फुकट आहे. पण आपण घालवलेला वेळ तिथे विकला जातो, बरं का! आपण काय पाहिले, कुठे थांबलो, याची नोंद होते आणि त्याप्रमाणे पुढची जाहिरात समोर येते.

एका आजींची गोष्ट

तरीही या मैदानात गरिबाला जागा आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात सारोळा कासार नावाचे गाव आहे. तिथल्या सुमनबाई धामणे कधी शाळेत गेल्या नाहीत. पण हाताला चव मोठी. २०२० साली त्यांच्या नातवाने त्यांच्या कारल्याच्या भाजीचे चित्रण करून यूट्यूबवर घातले. 'आपली आजी' या नावाने ते लाखो लोकांनी पाहिले. आजी घरगुती मसाला वापरीत. लोक तो मागू लागले आणि मसाल्याची विक्री सुरू झाली. भिंतीवर एक अक्षरही रंगवावे लागले नाही. आजी जे करीत होत्या तेच त्यांनी दाखवले. लोकांनी एकमेकांना सांगितले.

पण त्याच वर्षी ऑक्टोबरात कोणी भामट्याने त्यांचे ते खाते बळकावले. काही दिवसांनी ते परत मिळाले, म्हणून बरे. त्याच वर्षी जूनअखेर सरकारने टिकटॉकवर बंदी घातली. तिथे ज्यांनी लाखो चाहते जमवले होते, त्यांचे सगळे एका रात्रीत गेले.

यातून काय शिकायचे? हा बाजार दुसऱ्याच्या ओट्यावर भरतो. ओटा कधी हातचा जाईल, नेम नाही. म्हणून गिऱ्हाइकांची नावे, पत्ते आणि नंबर आपल्या वहीत लिहून ठेवावेत. वही आपली असते.

सगळेच शब्द खरे नसतात

लोकांचा शब्द माल विकतो, हे कळल्यावर शब्दही विकत मिळू लागले. पैसे घेऊन माणसे स्तुती करतात. न वापरलेल्या वस्तूला पाच तारे देतात. म्हणून २०१९ सालच्या ग्राहक संरक्षण कायद्यात फसव्या जाहिरातीला दंड ठेवला आहे. तो पहिल्या वेळी दहा लाख रुपयांपर्यंत होऊ शकतो. पैसे किंवा वस्तू घेऊन स्तुती केली, तर तसे स्पष्ट सांगावे, असे सरकारने २०२३ साली बजावले आहे.

पण कायदा आपल्या घरी पहारा द्यायला येत नाही. आपणच वाचले पाहिजे. पाच तारे असतील तर एक तारा देणारा काय म्हणतो, तेही वाचा. दहा माणसांनी एकच वाक्य लिहिले असेल, तर समजा, पाणी मुरते आहे. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा काय करतो? आधी त्याला चालवून पाहतो. मोबाइलवरचा घोडा चित्रातला असतो. म्हणून पहिल्यांदा थोडाच माल मागवावा.

पैसे यायचे होते, ते गेले

आमच्या साक्षरता वर्गात एक ताई येतात. त्यांच्या बचत गटाने तिखट कुटून व्हॉट्सअ‍ॅपवर विकायला सुरुवात केली. एक दिवस एका अनोळखी माणसाचा फोन आला. "वीस किलो पाठवा. पैसे आत्ताच देतो. मी पाठवलेला कोड स्कॅन करा आणि पिन टाका." ताईंनी तसे केले. चार हजार रुपये गेले. गटातल्या दहा बायांचे पैसे ते!

ताई रडत आल्या. "गुरुजी, पैसे यायचे होते, ते गेलेच कसे?"

आम्ही मोबाइल पाहिला. पडद्यावर 'पैसे द्या' असे स्पष्ट लिहिले होते. ताईंना वाचता येत होते. पण घाईत त्यांनी वाचले नव्हते.

हे पाठ करून ठेवा. पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन लागतो तो पैसे द्यायला. फसवणूक झालीच, तर वेळ न दवडता १९३० या नंबरावर फोन करा. जितका लवकर कराल, तितकी पैसे अडवले जाण्याची आशा जास्त.

विकणाऱ्याने काय करावे?

आपल्याच मालाचे चित्र घाला, दुसऱ्याचे उचलू नका. वजन, किंमत, दळल्याची तारीख आणि पत्ता लिहा. खाण्याचा माल विकायचा तर अन्न खात्याची नोंदणी करून घ्या. कोणी नावे ठेवली, तर ती पुसू नका. उत्तर द्या, चूक असेल तर माल बदलून द्या. भांडण न करता दिलेले उत्तर शंभर जण वाचतात.

त्या ताईंनी दोन महिने मोबाइलला हात लावला नाही. मग एक दिवस वर्गात त्या उभ्या राहिल्या. सुरतेच्या एका गिऱ्हाइकाने लिहिलेले त्यांनी मोठ्याने वाचून दाखवले. अडखळत वाचले, पण स्वतः वाचले: "रंग तोच, तिखट तेच. आणखी दोन किलो पाठवा." खाली गटाचे नाव होते आणि गावाचेही.

त्या दोन ओळी कोणी विकत आणलेल्या नव्हत्या. त्या कमावलेल्या होत्या. हीच पत. बाजार मैदानात भरो की मोबाइलवर, भांडवल हेच लागते. तेव्हा वाचकहो, खरा माल द्या, खरा शब्द लिहा, आणि बटण दाबण्याआधी वाचा.