डहाणूचा काळा दगड आणि परमुलखातला कोळसा

डहाणू-तलासरीत खाणींचा विषय निघाला की ठरलेलं उत्तर मिळतं: “खाणी तिकडं चंद्रपूरला. आमच्याकडं त्रास काय तो चिमणीचा.” यातलं चंद्रपूर बरोबर आहे. बाकीचं जरा तपासून घ्यावं लागतं.

इथल्या डोंगरांत कोळसा नाही, आणि कितीही खणलं तरी निघणार नाही. हा सगळा काळा दगड म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा बेसाल्ट. चंद्रपूर, यवतमाळ, नागपूरकडचा कोळसा त्याहून कितीतरी जुना, 25 कोटी वर्षांपलीकडच्या जंगलांचा. डहाणूचं औष्णिक वीजकेंद्र चालतं ते छत्तीसगडच्या आणि परदेशच्या कोळशावर. 1995-96 च्या सुमारास बीएसईएस कंपनीनं सुरू केलेलं हे 500 मेगावॉटचं केंद्र आता अदानींकडं आहे. “केंद्र आमच्याकडं, मग लाइट का जाते?” हा प्रश्न पाड्यापाड्यावर ऐकू येतो. केंद्र उभंच राहिलं मुंबईच्या उपनगरांसाठी, आणि वीजही तिकडंच जाते. डहाणूकरांच्या घरात येते ती महावितरणची. म्हणजे जंगल तुटलं खाणीपाशी, पंखा फिरला अंधेरीत, आणि मधला धूर डहाणूला.

आता त्या धुराविषयी. “हल्ली चिमणीतून काळं काही निघत नाही, म्हणजे हवा स्वच्छ” असं मानणारे बरेच आहेत. काळं दिसतं ती काजळी आणि राख, आणि ती गाळणाऱ्या यंत्रणा जुन्याच आहेत. कोळशातलं गंधक जळून होणारा सल्फर डायऑक्साइड डोळ्यांना दिसतच नाही. चिमणी उंच असली की तो दूर पसरतो, नाहीसा होत नाही. चिकूच्या वाड्यांच्या मुलखात ही बाब क्षुल्लक नव्हती. वीजकेंद्राला मंजुरी मिळून गेल्यावर, 20 जून 1991 रोजी, केंद्र सरकारनं डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक जाहीर केला. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण आलं. प्राधिकरणानं गंधक काढणारी यंत्रणा बसवायला सांगितलं 1999 मध्ये. ती बसली 2007 मध्ये. आठ वर्षं! अशा आदेशांचं आयुष्य आपल्याकडं बहुधा असंच लांबतं.

ही यंत्रणा समुद्राच्या पाण्यावर चालते. खारं पाणी मुळात किंचित अल्कधर्मी असतं. धुरावर ते फवारलं की वायू त्यात विरघळतो, मग हवा घालून त्याचं सल्फेट करतात, आणि सल्फेट तर समुद्रात आधीपासून असतंच. युक्ती चांगली आहे, पण “यंत्र बसलं, आता काही उरलं नाही” हाही गैरसमजच. कार्बन डायऑक्साइडला ती हात लावत नाही. कोळशावरच्या विजेच्या एका युनिटमागे साधारण किलोभर कार्बन डायऑक्साइड धरला, तर पूर्ण क्षमतेनं चाललेल्या एका दिवसात 1.2 कोटी युनिट आणि सुमारे 12 हजार टन वायू.

उलट काही दोष उगाच भलत्याच्या माथी बसतात. नोव्हेंबर 2018 पासून डहाणू तालुक्यातल्या धुंदलवाडी परिसराला भूकंपाचे हादरे बसू लागले, लोक थंडीत तंबूत झोपले, आणि चर्चा सुरू झाली की क्वारीतल्या, म्हणजे दगडखाणीतल्या, सुरुंगांमुळंच हे होतंय. सुरुंग दिवसाउजेडी उडवतात. हादरे मध्यरात्रीही येत होते. सुरुंगाचा धक्का जमिनीच्या पृष्ठाशी असतो, हे भूकंप काही किलोमीटर खोल होते. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेनं इथं उपकरणं बसवली. पावसाचं पाणी भेगांतून खोल झिरपून दाब वाढत असावा, असं शास्त्रज्ञांचं अनुमान आहे.

म्हणून क्वारी निर्दोष ठरत नाही. खडी फोडणाऱ्या क्रशरची भुकटी पानांवर साचते, डंपर गावरस्ता उखडतात, खोल खड्ड्याकडं आसपासच्या विहिरींचं पाणी ओढलं जाऊ शकतं. “खडी काढणं म्हणजे काही खाण नव्हे” हे मात्र साफ चूक. 1957 च्या खाण कायद्यात दगड, मुरूम, रेती ही गौण खनिजं आहेत. नाव गौण, खड्डा नव्हे. आणि डहाणूतल्या नियोजित वाढवण बंदराच्या भरावाला, महामार्गांना, मुंबईच्या इमारतींना हाच दगड हवा आहे.

“परवानगी तहसील-कलेक्टरची, गावाचा काय संबंध?” हे वाक्य तर गावातलेच लोक बोलतात. डहाणू आणि तलासरी अनुसूचित क्षेत्रात येतात. 1996 च्या पेसा कायद्यानुसार इथं गौण खनिजाचा पट्टा देण्याआधी ग्रामसभेची किंवा योग्य पातळीवरच्या पंचायतीची शिफारस लागते. तेव्हा गावात नवी क्वारी सुरू झाली, तर ग्रामपंचायतीत जाऊन पहिला प्रश्न विचारायचा: ठराव कुठल्या तारखेचा, आणि त्या सभेला हजर कोण होतं?